सही करणारा हात

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार आणि जय ख्रिस्त.

मी मूळचा मिरजेचा, वडील तिथल्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते. वय ३१. गेली साडेचार वर्षं कळंगुटजवळच्या एका हॉटेलात हिशेब बघतो, राहतो म्हापशाला. लग्नाला दोन वर्षं झाली, बायकोला सातवा महिना आहे.

आमच्याकडे सीझनला ११,००० ला जाणारी खोली बिलात ७,४०० ची दाखवायची आणि वरचे रोख घ्यायचे, असं आता ठरलंय. बिलं आणि रोजकीर्द माझ्या सहीने जातात. गेल्या मार्चमध्ये मॅनेजरसरांच्या आग्रहाखातर अशा दोन बिलांवर मी सही केली. तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला हात पुढे करवत नाही. ऑक्टोबरपासून आता रोजच तसं करायचं म्हणतात. मॅनेजर स्वतः ख्रिस्ती, दर रविवारी मिसाला जाणारे. मी कुरकुर केली तर हसून म्हणाले, "देवाक सगळें खबर आसा रे, तूं भियेनाका." ऑफिसात माझं नाव आता 'पाद्रीबाब' पडलंय.

दुसरं, खंडेनवमी. गेल्या वर्षी पूजेचा नारळ फोडायचा मान हिशेबखात्याचा म्हणून मला दिला, तर मी स्टोअररूममध्ये अर्धा तास लपून बसलो. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे म्हणतात, जिथे बार आहे आणि मूर्तिपूजा होते तिथे विश्वासणाऱ्याने नोकरीच करू नये. प्रसादाचा पेढा खाल्ला तरी प्रभूला नाकारल्यासारखं आहे. ऑफिसातले म्हणतात, तू फारच कट्टर. मी ठाम आहे, हट्टी आहे की नुसताच भित्रा, मलाच कळेनासं झालंय. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही, ह्या दिवसांत तिला त्रास नको म्हणून. काय करू?

– धाकटा भाऊ समजा, म्हापसा

बाळा,

जय ख्रिस्त. भाऊ समजा म्हणतोस, पण माझा थोरलाच तुझ्याहून चार वर्षांनी मोठा, तेव्हा एकेरीत बोलते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाईट वाटलं, दुसऱ्यांदा थोडा रागही आला. नारळ पाहून तू स्टोअररूममध्ये लपलास आणि बिलावर मात्र सही केलीस! नारळाला नम्रपणे 'नको' म्हटलं असतंस तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं, तिथून पळालास. जिथे पाय रोवायचे तिथे सरांचा आग्रह मोडवला नाही. भित्रा की हट्टी असं विचारतोस. मला वाटतं, रेघ भलत्याच ठिकाणी ओढली गेली आहे. ती पुसून नीट जागी ओढता येईल.

आधी बिलाचं. तू हिशेबातला माणूस, म्हणून आकड्यांतच बोलू. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर गेलं की १८. म्हणजे ११,००० च्या खोलीवर १,९८० रुपये कर व्हायला हवा, तो ७,४०० चं बिल फाडून ३७० वर येतो. एका खोलीमागे रात्रीला १,६१० रुपये वाचले. वीस खोल्या धरल्या तर एका रात्रीचे ३२,२०० झाले. वरचे ३,६०० कुठल्याच वहीत नाहीत, ते आणखी वेगळे. यातला एक पैसा तुझ्या घरी येत नाही, सही मात्र तुझी. भारतीय न्याय संहितेचं ३४४ वं कलम फसवण्याच्या हेतूने हिशेब खोटे करणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्यात कारकून आणि नोकर हे शब्द स्पष्ट आहेत. शिक्षा सात वर्षांपर्यंत. उद्या तपासणी झाली तर 'मला सांगितलं म्हणून केलं' एवढंच तुझ्या हातात उरेल, आणि सांगणाऱ्याने ते तोंडीच सांगितलेलं असेल.

हे झालं कायद्याचं. आपल्या दृष्टीने मामला त्याहून जुना आहे. दहा आज्ञांत 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा आपण संडे स्कूलपासून घोकतो आणि तिचं नातं कोर्टाच्या पिंजऱ्याशीच आहे असं धरून चालतो. बिल म्हणजे दुसरं काय असतं? 'ह्या पाहुण्याने ह्या खोलीचे एवढे पैसे दिले' अशी तू लिहून दिलेली साक्ष. मॅनेजरसाहेब म्हणतात, देवाक सगळें खबर आसा. आसाच. तीच तर अडचण आहे.

आता माझं ऐक, म्हणजे मी वरच्या पायरीवर बसून बोलतेय असं वाटणार नाही. तीसेक वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होते तिथे पटसंख्या कमी पडत होती. एक तुकडी तुटणार, तिच्याबरोबर एका शिक्षिकेची नोकरी जाणार, अशी वेळ. नऊ मुलं गाव सोडून गेलेली, पण हजेरीपटात ती रोज 'हजर'. वर्गशिक्षिका मी. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, कुणाचं तरी घर वाचतंय. मी सही केली. तुकडी वाचली, त्या बाई सुखरूप निवृत्त झाल्या, आणि कुणाला काही कळलंही नाही. पुढे काहीतरी भयंकर झालं असं सांगायला मला आवडलं असतं, धडा सोपा झाला असता. तसलं काही झालं नाही. एवढंच झालं की त्यानंतर शाळेत कसलाही अडचणीचा कागद निघाला की तो माझ्याच टेबलावर यायचा. सहलीचं बिल असो, दुरुस्तीची पावती असो. इतर शिक्षकांना विचारतसुद्धा नसत. सही करणारा हात कुठला, ते त्यांना कळलं होतं. पुढच्या कागदाला नकार द्यायला मला चार वर्षं लागली, आणि तो पहिल्याच दिवशी दिला असता त्यापेक्षा कितीतरी कडू झाला; कारण मुख्याध्यापकांच्या मते आता मी शब्द फिरवत होते.

तुझ्या दोन सह्यांनी तुझ्याही मॅनेजरला तेवढंच कळलंय. ऑक्टोबरचं काम तुझ्याकडे आलं ते त्यामुळे. म्हणून नकार आत्ताच द्यायचा, सीझनचा पहिला पाहुणा उतरायच्या आधी.

कसा द्यायचा? दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढून बस. सिंहांची गुहा सगळ्यांना पाठ असते, पहिला अध्याय कुणी नीट वाचत नाही. परक्या राजाने पकडून नेलेला हा पोरगा. बाबेलवाल्यांनी त्याचं नाव बदललं, बेल्टशस्सर ठेवलं, त्यांच्या देवाच्या नावावरून. त्याने चालवून घेतलं. तीन वर्षं त्यांची भाषा, त्यांची विद्या शिकला. राजाची चाकरी पत्करली. अडला तो एकाच ठिकाणी, राजाच्या ताटातल्या अन्नावर. आणि अडला कसा ते बघ. आधी मनाशी ठरवलं, मग अधिकाऱ्याला विनंती केली. तो बिचारा घाबरला, राजा माझं डोकं उडवील म्हणाला, तेव्हा दानीएलाने कारभाऱ्यापुढे तोड ठेवली: दहा दिवस आम्हाला भाजी आणि पाणी देऊन बघा, मग तुम्हीच ठरवा. आरडाओरडा नाही, प्रवचन नाही. समोरच्याची मान वाचेल याची काळजीसुद्धा घेतली.

तसंच तू कर. मॅनेजरना एकट्यांना गाठ, दुपारी काम सैल असतं तेव्हा. व्हॉट्सअॅपवर नको, चार पोरांसमोर तर मुळीच नको. सांगायचं एवढंच: "सर, इथलं काम मला आवडतं आणि मी ते मनापासून करतो. खरे आकडे असलेला कुठलाही कागद द्या, रात्री दोनपर्यंत बसून पुरा करीन. दर कमी दाखवलेल्या बिलावर मात्र माझी सही होणार नाही. मार्चमध्ये दोनदा केली, ती माझी चूक होती." आणि लगेच तोड ठेव. नोटीस यायच्या आधी कमी भरलेला कर व्याज-दंडासकट स्वतःहून भरायची सोय जीएसटी कायद्यात आहे. मार्चची ती दोन बिलं तशी मिटवू या म्हण. हॉटेलच्या सीएशी ते बोलतील तर उत्तम. बायबलमधलं वचन त्यांच्या तोंडावर फेकू नकोस. त्यांना वचनं तुझ्याइतकीच माहीत आहेत, आणि टोमणा मारलास की बोलणं बिलावरून तुमच्या दोघांच्या अहंकारावर जातं. ते आग्रहच धरत असतील तर हसतमुखाने म्हण, "मग सर, तेवढं लेखी द्या." खोटं काम सांगणारा माणूस लेखी देत नाही. कधी, काय बोलणं झालं ते घरी एका वहीत तारखेसकट लिहून ठेव. हॉटेलचे कागद मात्र घरी आणू नकोस, नाहीतर तूच चोर ठरशील.

'पाद्रीबाब' म्हणतात त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. गल्ल्यातले दोनशे रुपये चुकले की हीच माणसं 'पाद्रीबाबाक दिया मोजूंक' म्हणतील, बघशील.

ठाम माणूस म्हणजे छाती पुढे काढून उभा असलेला, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. आपल्या गोव्याच्याच मातीतला एक माणूस आठव. बाणावलीला १६५१ साली जन्मलेला जोसेफ वाझ. डच राजवटीने सिलोनमध्ये कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. हा १६८७ साली तिथे गेला तो हमालामजुरांच्या वेषात, अनवाणी, जाफन्यात दारोदार भीक मागत. गळ्यात जपमाळ घालून हिंडायचा आणि ती बघून कुणाचे डोळे चमकतात त्यावरून आपली माणसं ओळखायचा. पुढे कँडीच्या राजाने त्याला पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकलं. १७११ साली तिथेच वारला, गोव्याला परतला नाही. २०१५ मध्ये त्याला संतपद मिळालं. मी प्रॉटेस्टंट, संतांच्या वाटेला फारशी जात नाही, पण ह्या माणसाचं मला अप्रूप आहे. वेष बदलला, आवाज खाली ठेवला आणि मुद्द्यावरून तसूभर हलला नाही. चतुर असणं म्हणजे लबाड असणं नव्हे. सापासारखे चतुर व्हा असं प्रभूनेच शिष्यांना सांगितलं, कबुतराची आठवण करून देत.

आता नारळाचं.

मी फोंडा तालुक्यात राहते. सोळाव्या शतकात गोव्यातल्या सासष्टीवर पोर्तुगीजांचा वरवंटा फिरला तेव्हा कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळला आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. रात्रीअपरात्री माणसांनी आपले देव उचलून आणले, घरदार मागे टाकून. कवळ्याच्या तळ्यावरून जाताना मला हटकून वाटतं, ठाम राहणं ही काही आपल्या एकट्यांची मक्तेदारी नाही. तुझ्या ऑफिसात नारळ फोडणारी माणसं ह्या लोकांची नातवंडं-पतवंडं आहेत. त्यांच्या पूजेचा मान राखणं आणि पूजा करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते त्यांना समजत नाही असं मुळीच नाही. तू सांगितलंच नाहीस तर ते तरी काय समजणार? पूजेला दांडी मारून स्टोअररूममधून बाहेर येणारा माणूस बघून त्यांना वाटलं असणार की तुला त्यांची किळस आहे.

आणि आपल्याकडच्यांनी रेघ भलतीकडे ओढल्याचा इतिहास गोव्याइतका कुठे सापडेल? इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाचा, १७३६ चा जाहीरनामा बघ. बाटलेल्या ख्रिस्त्यांनी अंगणात तुळस लावायची नाही, धोतर नेसायचं नाही, आणि बिनमिठाचा भात शिजवायचा नाही! विश्वास कुठे शोधला, तर भाताच्या टोपात. सोवळंओवळं मागे टाकून आलेल्या माणसांच्या गळ्यात दुसरं सोवळंओवळं बांधलं. तुमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण पेढ्यात प्रभूचा नकार शोधणं मला त्याच जातीचं वाटतं.

शास्त्र ह्यात आपल्या सगळ्यांपेक्षा मोकळं आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अरामचा सेनापती नामान आहे. कोड बरं झाल्यावर म्हणाला, इस्राएलाच्या देवाशिवाय कुणाला भजणार नाही. आणि मग अगदी नोकरदाराच्या आवाजात विचारलं: माझा धनी रिम्मोनच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन जातो, तो वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची परमेश्वर क्षमा करील ना? संदेष्टा अलीशाने त्याला काय फर्मावलं? नोकरी सोड? धन्याला ठणकाव? 'शांतीने जा,' एवढंच. हा प्रसंग मी कितीतरी वेळा वाचला आहे, आणि अलीशा तिथे आणखी काही बोलला नाही याचं मला दर वेळी बरं वाटतं.

तर खंडेनवमीच्या आठवडाभर आधी ज्याच्याशी बरं जमतं अशा सहकाऱ्याला गाठ. सांग, नारळ मी फोडणार नाही, आरतीचं ताट हातात घेणार नाही, माझ्या विश्वासात ते बसत नाही. पण टेबलं पुसायला, झेंडूची माळ आणायला, चहाफराळाचं बघायला मी आहे. आरतीच्या वेळी मागे शांत उभा राहा. मनात आपली प्रार्थना कर, त्याच माणसांसाठी. झेंडूची माळ आणणं तुझ्या मनाला टोचत असेल तर तीही आणू नकोस, माझ्या आग्रहाखातर तर नकोच. आग्रहाखातर काय होतं ते आपण पाहिलं. नाताळात तू डब्यातून नेवऱ्या आणि दोदोल नेतोस ना? ते लोक काही विचारून खातात का?

प्रसादाबद्दल प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठवा आणि दहावा अध्याय खर्ची घातले आहेत, आणि गंमत म्हणजे तिथेही सरसकट हुकूम नाही. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, म्हणून अन्नाने काही होत नाही असं म्हणतो. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यातलं चौकशी न करता खा म्हणतो. पण हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका म्हणतो. आणि मूर्तीच्या पंक्तीचे भागीदार व्हायला तर साफ मना करतो. मी स्वतः प्रसाद घेत नाही. हात जोडते, "माझ्याकडून नको, राग नसावा" म्हणते, आणि आजवर कुणी रागावलेलं नाही. नगरला माझी सख्खी बहीण शेजारणीने दिलेला पेढा खाते. आम्ही दोघी एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेतो. तुझं मन जे म्हणेल ते कर, पण जे करशील ते उघड कर.

बारच्या नोकरीबद्दल त्या गृहस्थांना एवढंच विचार: जकातदार योहानाकडे बाप्तिस्मा घ्यायला आले आणि आम्ही काय करावं विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांना जकातनाकी सोडायला सांगितली का? ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका म्हणाला. अहाबासारख्या मूर्तिपूजक राजाच्या घरचा कारभारी ओबद्या होता. तिथेच राहून त्याने शंभर संदेष्टे गुहांत लपवून जगवले. मंडळीतल्या मोठ्यांना 'नाही' म्हणायलाही कणा लागतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मठातल्या ज्या भगिनींच्या आश्रयाला होत्या त्यांनाच सांगितलं की लॅटिन अक्षरं असलेला क्रूस मी घालणार नाही, मला न कळणारी भाषा माझ्या गळ्यात कशाला. घरही त्यांचं, अन्नही त्यांचं, तरी सांगितलं.

तरीही एक विचारून ठेवते. तिथे राहून रोज कुणाला तरी फसवल्याशिवाय तुझं काम होतच नाही, असं सहा महिन्यांत दिसलं तर? मग ती जागा तुझी नव्हे. पण ते दिसू दे, आधीच राजीनामा भिरकावू नकोस. साडेचार वर्षं झालीत म्हणतोस. पाच पुरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. तेवढ्यासाठी खोटी सही करायची नाही, पण रागाच्या भरात तेवढं सोडायचंही कारण नाही. सीझनच्या तोंडावर हिशेबनीस सगळ्यांनाच हवे असतात, तेव्हा अर्ज आजपासून टाकायला लाग. खर्च आवर. घरभाडं आणि बाळंतपण मिळून चार महिने निघतील एवढं बाजूला आहे का, ते बघ.

नकार दिल्यावर मॅनेजर निवळतील, देव त्याचं फळ देईल, असलं काही मी तुला सांगणार नाही. माझ्या ओळखीचा एक जण वास्कोला अशाच सहीपायी नोकरीतून गेला. चौदा महिने घरी होता. आता एका फार्मसीत बसतो, पगार पूर्वीच्या निम्मा. बायको अजून अधूनमधून बोलते त्याला. दानीएलाचे तिघे सोबती शद्रख, मेशख, अबेद्नगो, राजाच्या मूर्तीला नमले नाहीत म्हणून भट्टीसमोर उभे केले गेले, तेव्हा राजाला म्हणाले की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि पुढे म्हणाले, सोडवलं नाही तरी आम्ही नमणार नाही. ह्या दुसऱ्या वाक्याची तयारी झाल्याशिवाय मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊ नकोस. नाहीतर तिथे गेल्यावर सौदा करायला लागशील.

मार्चच्या त्या दोन सह्या. प्रभुभोजनाला हात पुढे होत नाही म्हणतोस. आमच्या पाळकांनी एकदा दाखवलेलं मी तुला दाखवते. शिष्य पेत्राने प्रभूला नाकारलं ते कोळशाच्या शेगडीपाशी, थंडीत हात शेकताना. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव पुन्हा एकदाच येतो, शेवटच्या अध्यायात, पहाटे किनाऱ्यावर. रात्रभर जाळी टाकून मंडळी परतलीत, आणि प्रभूने विस्तवावर मासे भाजायला ठेवलेत. 'या, न्याहारी करा.' तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. पेत्राने ना स्पष्टीकरण दिलं, ना कुणाचा आग्रह पुढे केला. तू बागा-कळंगुटला कामाला जाणारा माणूस, पहाटेची रापण ओढताना बघितली असशील. तो वास तुला मी काय सांगायचा. पाळकांकडे जा, झालेलं सगळं सांग, आणि येत्या प्रभुभोजनाला हात पुढे कर. दोन बिलांचा कर भरला गेला की तीही गोष्ट मिटेल. जकातदार जक्कया लुबाडलेलं चौपट परत द्यायला निघाला होता. इथे तर नुसतं व्याज-दंडच भरायचंय, तेही हॉटेलने.

राहता राहिली बायको. खरं तर मी इथूनच सुरुवात करणार होते, पण मग तू पुढचं वाचलं नसतंस. तिला त्रास नको म्हणून सांगितलं नाही? सहा महिने तू रात्री छताकडे बघत पडतोस आणि तिला कळलं नसेल? तिने काय काय कल्पिलं असेल त्याचा विचार कर. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो लक्ष्मीबाईंना बाजूला ठेवून. पुढची जवळजवळ पाच वर्षं त्या बाईने काय सोसलं ते तिने स्वतःच लिहून ठेवलंय. टिळकांचा विश्वास खरा होता, कवी म्हणून मी त्यांच्यावर जीव टाकते, पण त्या एका गोष्टीसाठी त्यांना मी आजतागायत माफ केलेलं नाही. तुझी नोकरी गेली तर भांड्यात काय शिजतं ते तिलाच बघायचंय. मग ठरवतानाही ती असायला नको? मॅनेजरशी बोलायच्या आधी तिच्याशी बोल. कदाचित ती रडेल. कदाचित म्हणेल, एवढंच ना, मला वाटलं दुसरंच काही.

तुझ्या पत्रात वडिलांचं हॉस्पिटल आलं, मॅनेजर आले, मंडळीतले वडीलधारे आले, तिच्याबद्दल मात्र सातवा महिना एवढीच ओळख. पुढचं पत्र पाठवशील तेव्हा अर्धं तिला लिहायला सांग.

– तुझी ताई, फोंडा